रचनारेषा पुसू नयेत

एकोणीस वर्षे मी तालुक्याच्या गावी एका माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवतो. कोल्हापुरात ए.टी.डी. (कलाशिक्षक पदविका) करताना रंकाळा आणि पंचगंगेचा घाट जलरंगात रंगवायला शिकलो आणि नोकरी लागल्यावर सुट्ट्यांमध्ये तीच चित्रे काढत राहिलो. ती विकली जात, लग्नात भेट म्हणूनही दिली जात; परंतु मी आज काय पाहतो आणि कशाचा विचार करतो, याचा त्यांत मागमूस नव्हता. २०१६ साली एका प्रदर्शनाने माझी तिन्ही चित्रे परत पाठवली, तेव्हा वाईट वाटले, तरी तो निर्णय मला चुकीचा वाटला नाही.

शाळेत माझा बराचसा वेळ एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांच्या तयारीत जातो. भूमितीच्या तासाला मी दर वर्षी तेच सांगतो: रचनारेषा, म्हणजे आकृती काढताना मदतीला घेतलेल्या रेषा आणि कंस, पुसू नका, त्या फिकट ठेवा आणि उत्तराची आकृती ठळक करा. अमूर्त रेषाचित्रांसाठी ओळखल्या जाणाऱ्या चित्रकार नसरीन मोहमदी यांची शाई-पेन्सिलीची रेखाटने मी पहिल्यांदा नीट पाहिली, तेव्हा हेच वाक्य आठवले. १९७२पासून त्या बडोद्याच्या कला विद्याशाखेत शिकवत होत्या आणि त्याच काळात पट्टी, गुण्या, रुलिंग पेन अशा आरेखनाच्या साधनांनी काम करत होत्या. ती साधने माझ्या कपाटातही होती. ती केवळ परीक्षेची आहेत, असे मी धरून चाललो होतो.

२०१८च्या उन्हाळ्यात मी स्वतःला एक अट घातली. दिलेल्या बाजूवर सुसम पंचकोन काढायचा, पण उत्तर कधीच ठळक करायचे नाही. पहाटे साडेपाच ते साडेसहा हा वेळ ठरवला. पहिली तीसएक चित्रे नुसती शोभेची झाली, कारण संकल्पचित्र (नक्षीचे डिझाइन) शिकवून शिकवून हाताला समतोल साधण्याची आणि रिकामी जागा भरण्याची सवय लागली होती. ती सवय सुटायला वर्ष गेले, आणि माझ्या मते या सगळ्या प्रवासातला तोच सर्वांत कठीण भाग होता.

आम्ही चार कलाशिक्षक महिन्यातून एकदा एकमेकांच्या घरी जमतो. ज्याचे काम भिंतीवर लावलेले असते, त्याने पहिला अर्धा तास काहीही बोलायचे नाही, असा नियम आहे. अशाच एका बैठकीत एका मॅडमनी विचारले, “सर, यात मुलांच्या हातची चूक कुठेच कशी नाही?” घरी आल्यावर मी मुलांचे सरावाचे कागद खिडकीला धरून पाहिले. कंपासचे टोक जिथे जिथे टेकले होते, तिथे उजेडाचे ठिपके दिसत होते. काही ठिकाणी टोक घसरून कागद फाटला होता आणि एकाच केंद्राशेजारी चार-चार छिद्रे होती. आकृती पुसता आली तरी ही छिद्रे पुसता येत नाहीत.

तेव्हापासून मी ती छिद्रे पुण्याच्या हातकागदावर उतरवतो आणि प्रत्येक छिद्र केंद्र मानून कंस काढतो. ज्यांचे कागद वापरतो, त्या मुलांची परवानगी घेतो, त्यांना चित्र दाखवतो आणि कागद परत करतो. मुलांचे काम शिक्षकाच्या हाती सहज पडते, म्हणून ते न विचारता आपल्या चित्रात घेणे मला अयोग्य वाटते.

चित्रांसोबतचे दोनशे शब्दांचे निवेदन लिहायला मला दोन महिने लागले. पहिल्या खर्ड्यात ‘अवकाश’ आणि ‘अस्तित्व’ हेच शब्द सात वेळा होते. ते काढून टाकल्यावर कंपास, छिद्र आणि मुले एवढेच उरले, आणि तेच खरे होते. २०२३ साली गावातल्या वाचनालयाच्या सभागृहात २४ चित्रे चार दिवस मांडली. काही पालकांनी आपल्या मुलाची छिद्रे कोणती, असे विचारले आणि मी ती दाखवली.

परीक्षेआधीचे दोन महिने आजही माझे स्वतःचे काम बंद असते. तेवढ्या काळात मी फक्त मुलांचे कागद तारखेनुसार लावून ठेवतो. आता २२ × ३० इंचांच्या पूर्ण कागदावर काम करायचे आहे. त्यासाठी सुताराला मोठा ड्रॉइंग बोर्ड करायला सांगितला आहे.