इथेच राहतो, दिसणारच!

माझा एक्स आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहतो. कोथरूडमध्ये. म्हणजे किराणा, दूध, बँक, मेट्रो, सगळं दोघांचं एकच. ब्रेकअप मी केलं आणि त्यानंतर तो जिथे तिथे दिसायला लागला.

हे ज्यांना ज्यांना सांगितलं, त्यांचं उत्तर ठरलेलं: "अगं, इथेच राहतो ना, दिसणारच!" मावशी म्हणाली, मैत्रीण म्हणाली, पहिल्यांदा चौकीत गेले तिथले साहेबही म्हणाले. वर त्यांनी "समजुतीने घ्या" असा सल्लाही दिला, फुकट.

वाद घालण्यात अर्थ नव्हता, म्हणून वही केली. तारीख, वेळ, जागा, सोबत कोण होतं आणि शेवटी एक रकाना: त्याला इथे दुसरं काय काम असू शकतं? शनिवारी सकाळी वाण्याकडे दिसला, तर असू शकतं, लिहून सोडून द्यायचं. पण वनाज स्टेशनच्या जिन्याखाली, रात्री, मी उतरते त्याच वेळी? हा माणूस मेट्रोने कधी जातच नाही, बुलेटशिवाय त्याचं पान हलत नाही. मी आयडियल कॉलनीला उतरायला लागले, तर आठवड्याभरात तिथे हजर. त्या रकान्यात लिहायला काहीच सुचेना, तेव्हा मावशीही गप्प झाली.

त्याला कळत कसं होतं, ते भावाने शोधलं. माझा जुना टॅब त्याच्याकडे राहिला होता आणि त्यावर माझं गूगल अकाउंट चालू होतं. म्हणजे माझा फोन कुठे आहे, हे त्याला घरबसल्या नकाशावर दिसत होतं. भावाने आधी अकाउंटमधल्या डिव्हाइसच्या यादीचे स्क्रीनशॉट काढले, मग तो टॅब लॉगआउट केला, पासवर्ड बदलला. हा क्रम महत्त्वाचा. उलटा केला असता तर दाखवायला काय उरलं असतं?

त्याला मी एकच मेसेज लिहिला: "मला तुझ्याशी संपर्क नको. फोन, मेसेज, भेट, कुणाबरोबर निरोप, काहीही नको." त्यानंतर एक अक्षर नाही. चुलतभाऊ "मी बोलतो त्याच्याशी" म्हणत होता, त्यालाही थांबवलं. नंबर ब्लॉक केला नाही, चॅट अर्काइव्हमध्ये टाकलं. येणारं सगळं भाऊ वाचतो, मी नाही. वाढदिवसाला दारात बाकरवडीचा पुडा आला. आईला तो चांगुलपणा वाटला. मी फोटो काढून वहीत नोंद केली आणि पुडा वॉचमनकाकांना दिला. सीसीटीव्हीचं फुटेज मात्र सेक्रेटरीकाकांकडून त्याच दिवशी घेतलं, कारण काही दिवसांनी जुन्यावर नवं रेकॉर्ड होतं.

दुसऱ्यांदा पोलीस ठाण्यात गेले ती लेखी तक्रारीच्या दोन प्रती घेऊन. एकीवर पोच घेतली. तिथल्या मॅडमनी वही पानापानाने वाचली. भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ लागलं. १ जुलै २०२४ आधी हेच भारतीय दंड संहितेत ३५४ ड होतं, २०१३ मध्ये आलेलं. बाईने स्पष्ट नको म्हटल्यावरही वारंवार पाठलाग करणं, संपर्क साधणं किंवा तिच्या इंटरनेट-ईमेलच्या वापरावर पाळत ठेवणं, हे सगळं त्यात येतं. म्हणून तो एक मेसेज इतका कामाला आला. गुन्हा दखलपात्र आहे, नुसत्या एनसीवर, म्हणजे अदखलपात्र नोंदीवर, बोळवण करून घेऊ नका.

पण पहिला गुन्हा जामीनपात्र. संध्याकाळी तो घरी, म्हणजे पुन्हा दोन गल्ल्या सोडून! शेजारचा माणूस असला की कायद्याची ही बाजू फार टोचते. मग पोलिसांनी चॅप्टर केस, म्हणजे शांतता बिघडू नये म्हणून आधीच करायची कारवाई, केली आणि एसीपींपुढे (सहायक पोलीस आयुक्त) त्याच्याकडून वर्षभर नीट वागण्याचा बाँड, म्हणजे हमीपत्र, लिहून घेतला. अशा कारवाईत जास्तीत जास्त तेवढाच घेता येतो. माझ्या मते खरा फरक त्या बाँडने पडला. आता मी समोरून आले की तोच रस्ता ओलांडतो.

"तूच घर का बदलत नाहीस?" हे अजून विचारतात. माझं ऑफिस, आईचे डॉक्टर, रिक्षावाले दादासुद्धा इथलेच आहेत. त्याला विचारा की.

बाँड जूनमध्ये संपतो. वही चालू आहे. दुसऱ्यांदा दोषी ठरला तर पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि तो गुन्हा अजामीनपात्र आहे, हे त्याच्या वकिलाने त्याला सांगितलं असेलच.