कोऱ्या लॅपटॉपवर पेनड्राइव्हवरून उबुंटू : माझा अनुभव

नवा लॅपटॉप घेताना त्यात ऑपरेटिंग सिस्टिम नको, हे आधीच ठरवलं होतं. वापरायचं उबुंटू (लिनक्स प्रकारची ऑपरेटिंग सिस्टिम), मग आधी विंडोज घ्या आणि नंतर ते पुसा, हा उपद्व्याप कशाला? त्यामुळे मशीन आलं ते अगदी कोरं. बटण दाबलं की कंपनीचा लोगो, मग काळा पडदा, त्यावर पिवळ्या अक्षरांत ‘शेल’, पुढे बाणाचं टोक आणि लुकलुकणारा कर्सर. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटावं, मशीन बिघडलेलंच आलं. तसं काही नसतं. मदरबोर्डवरच्या चिपमध्ये फर्मवेअर, म्हणजे मशीन चालू होताच सगळ्यात आधी चालणारं सॉफ्टवेअर, असतं, ज्याला आपण सवयीने अजूनही बायोस म्हणतो आणि जे आता यूईएफआय प्रकारचं असतं. त्याला सुरू करण्याजोगं काही सापडलेलं नसतं, एवढंच.

लिनक्स टाकण्याबद्दल जे वाचायला मिळतं ते बहुतेक इन्स्टॉलरच्या पडद्यांबद्दल असतं. इथे ‘नेक्स्ट’ दाबा, तिथे नाव भरा. मला तर इन्स्टॉलरने अजिबात त्रास दिला नाही. डोकं लावावं लागलं ते त्याच्या आधी आणि त्याच्या नंतर. पडद्यावर जे दिसतंय ते नेमकं कोण दाखवतंय, फर्मवेअर, बूटलोडर (ऑपरेटिंग सिस्टिम सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम) की इन्स्टॉलर, हे ओळखता आलं की अर्धं काम झालं, कारण उत्तर कुठे शोधायचं ते त्यावरून ठरतं.

आधी पेनड्राइव्ह. उबुंटू २४.०४ ची आयएसओ फाइल (इन्स्टॉल करायचं सगळं एकत्र असलेली प्रतिमा) सहा जीबीच्या आसपास आहे, म्हणजे आठ जीबीची पेनड्राइव्ह पुरते. त्या पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं, तेव्हा त्यावर फोटोबिटो असतील तर आधी हलवावेत. माझ्याकडे २४.०४ ची पहिली आयएसओ जुन्या संगणकावर पडलेली होती, पण ती मी वापरली नाही. आवृत्ती तीच असली तरी २०२४ च्या एप्रिलमध्ये आलेल्या पहिल्या फाइलमध्ये ६.८ कर्नल (सिस्टिमचा गाभा) आहे, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या २४.०४.३ मध्ये ६.१४. जुन्या मशीनला या फरकाने काही होत नाही. नव्या मशीनला होतं, कारण वाय-फायची आणि ग्राफिक्सची नवी चिप ओळखणारे ड्रायव्हर कर्नलसोबतच येतात. कर्नल चिपच्या आधीचा असेल तर इन्स्टॉल नीट होतं आणि मग वाय-फायच दिसत नाही. वाय-फाय नाही म्हणून अपडेट नाही, अपडेट नाही म्हणून वाय-फाय नाही. (अशा वेळी अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करावं, लिनक्सला ते साध्या नेटवर्क केबलसारखं दिसतं आणि बहुतेक वेळा काही न करता चालतं.)

डाउनलोड झालेल्या फाइलचा चेकसम (फाइलवरून काढलेली ओळखखूण) तपासायचा कंटाळा बरेच जण करतात. मी करत नाही. विंडोजमध्ये ‘सर्टयुटिल’ नावाची कमांड आधीपासूनच असते. तिला फाइलचं नाव आणि ‘एसएचए२५६’ एवढं सांगितलं की चौसष्ट अक्षरांची एक ओळ मिळते. ती उबुंटूच्या साइटवरच्या ओळीशी जुळायला हवी. एक बाइट जरी इकडचा तिकडे झाला तरी सगळी ओळच बदलते, त्यामुळे पहिली-शेवटची सात-आठ अक्षरं बघितली तरी डाउनलोड अर्धवट आहे का ते कळतं. फाइल खराब असेल तर इन्स्टॉलर मध्येच कुठेतरी भलत्याच एररने थांबतो आणि आपण दोष नव्या एसएसडीला, म्हणजे लॅपटॉपच्या डिस्कला, देत बसतो.

पेनड्राइव्ह लिहायला मी रूफस नावाचं सॉफ्टवेअर वापरलं. ‘स्टार्ट’ दाबल्यावर ते विचारतं, आयएसओ मोडने लिहू की डीडी मोडने? शिफारस पहिल्याची असते. मी दुसरा घेतला, कारण त्यात प्रतिमा जशीच्या तशी, बाइटला बाइट उतरते आणि मधे कोणाची हुशारी नसते. लिहून झाल्याबरोबर विंडोजची खिडकी उघडली: ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल, करू का? इथे ‘कॅन्सल’ दाबायचं. आपण लिहिलेलं विंडोजला वाचता येत नाही म्हणून तो प्रश्न आहे. भाबडेपणाने ‘हो’ म्हटलं तर झालेलं काम गेलं. मग ‘इजेक्ट’ करून पेनड्राइव्ह काढली.

विंडोजची इन्स्टॉल पेनड्राइव्ह बनवणाऱ्यांना वेगळाच त्रास असतो. यूईएफआयला फॅट३२ (डिस्कवर फाइल मांडायची एक पद्धत) नक्की वाचता येतं, पण फॅट३२ वर चार जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, आणि विंडोजची मुख्य ‘विम’ फाइल आताशा त्याहून मोठी असू शकते. म्हणून आयएसओतल्या फाइल नुसत्या कॉपी-पेस्ट करून भागत नाही. असो.

पेनड्राइव्ह लावली, चार्जर जोडला (बॅटरीवर हे काम करू नये), एफ१२ दाबून बूट मेन्यू (कशावरून सुरू करायचं ती यादी) आणला. मेन्यूत एकच ओळ, ‘ईएफआय शेल’. पेनड्राइव्हचा पत्ता नाही. दुसऱ्या पोर्टला लावून पाहिली, तेच. एफ२ वाला सेटअप (फर्मवेअरच्या सेटिंगचं पान) उघडण्याआधी मी शेलमध्येच शिरलो, कारण शेल म्हणजे काही शिक्षा नव्हे. फर्मवेअरला थेट विचारायची ती सोय आहे.

आधी ‘कनेक्ट -आर’. म्हणजे जोडलेल्या सगळ्या उपकरणांना ड्रायव्हर लाव. मग ‘मॅप -आर’, म्हणजे काय काय सापडलं त्याची यादी दाखव. पडदाभर किचकट ओळी आल्या. त्यांतल्या ‘बीएलके’ने सुरू होणाऱ्या ओळी म्हणजे नुसते ब्लॉक, त्यांच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. एकच ओळ ‘एफएस०’ने सुरू होत होती, म्हणजे फर्मवेअरला वाचता येईल अशी फाइल सिस्टिम. त्या ओळीच्या लांबलचक पत्त्यात मध्ये ‘यूएसबी’ लिहिलेलं होतं आणि शेवटी ‘एचडी’पुढे कंसात २. म्हणजे पेनड्राइव्हवरचं दुसरं पार्टिशन, दुसरा कप्पा. पेनड्राइव्ह होती तर! मेन्यू ती दाखवत नव्हता इतकंच.

‘एफएस०’ आणि कोलन टाइप करून एंटर दाबलं, ‘एलएस’ने यादी पाहिली. आत ‘ईएफआय’ नावाचं फोल्डर, त्यात ‘बूट’ नावाचं फोल्डर आणि त्यात तीन फाइल: बूटएक्स६४, ग्रबएक्स६४ आणि एमएमएक्स६४. सहा जीबीच्या प्रतिमेमध्ये फर्मवेअरला लागतं ते इतकंच, काही एमबीचं एक इवलंसं फॅट पार्टिशन. पेनड्राइव्हवरून बूट करणं म्हणजे काय, तर ठरलेल्या फोल्डरमधली ठरलेल्या नावाची फाइल फर्मवेअरने चालवायची. ती ग्रब या बूटलोडरला उठवते, ग्रब कर्नलला, आणि पुढचं कर्नल बघतो. पूर्वीच्या बायोसमध्ये डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटमध्ये बूटचा कोड असायचा आणि तो नुसता बघून काही कळायचं नाही. आता साधी फाइल असते, डोळ्यांनी दिसते. मी बूटएक्स६४ चं नाव टाइप केलं आणि एंटर मारला. पडदा क्षणभर कोरा झाला आणि ग्रबचा मेन्यू आला.

पेनड्राइव्ह मेन्यूत का दिसत नव्हती, तेही नंतर सेटअपमध्ये सापडलं. ‘फास्ट बूट’ चालू होतं. दोन-चार सेकंद वाचवण्यासाठी फर्मवेअर तेव्हा यूएसबीची तपासणीच टाळत होतं. ते बंद केल्यावर एफ१२ च्या यादीत पेनड्राइव्ह मुकाट्याने आली. नव्या मशीनवर ही सेटिंग सगळ्यात आधी बघावी. तिथेच घड्याळही बघावं. माझ्या मशीनची तारीख कित्येक वर्षं मागे होती. तारीख चुकली की वेबसाइटची प्रमाणपत्रं अवैध ठरतात आणि इंटरनेट चालू असूनही ब्राउझर काही उघडत नाही. हे कारण चटकन सुचतही नाही.

ग्रबमधून ‘ट्राय ऑर इन्स्टॉल’ घेतलं की उबुंटू पेनड्राइव्हवरूनच चालू होतं, लॅपटॉपच्या डिस्कला हात न लावता. ही सोय लोक वाया घालवतात आणि थेट इन्स्टॉलकडे धावतात. मी इथे निवांत रेंगाळलो. वाय-फाय चालतं का, आवाज येतो का, कॅमेरा, टचपॅडवर दोन बोटांनी स्क्रोल, ब्राइटनेसच्या कळा, झाकण मिटून उघडल्यावर मशीन जागं होतं का. सगळं चाललं. फक्त बोटाचा ठसा घेणारा सेन्सर ओळखला गेला नाही.

टर्मिनलमध्ये ‘एलएसबीएलके’ चालवून डिस्कची नावंही बघून ठेवली. एसएसडी ‘एनव्हीएमई०एन१’ या नावाने होती, पेनड्राइव्ह ‘एसडीए’ म्हणून. ५१२ जीबीची डिस्क ४७६.९ एवढीच दिसते, ती कोणी चोरलेली नसते. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, ही कमांड १०२४ च्या. खरं महत्त्व या नावांना पुढे येतं, कारण ‘कोणती डिस्क पुसू?’ असं इन्स्टॉलर विचारतो तेव्हा पडद्यावर हीच नावं असतात.

बऱ्याच नव्या इंटेल लॅपटॉपवर इथे आणखी एक खोडा येतो, विशेषतः विंडोज टाकताना. अकराव्या पिढीपासून पुढच्या मशीनमध्ये फर्मवेअरने ‘व्हीएमडी’ (डिस्क हाताळणारी इंटेलची एक सोय) चालू ठेवलेलं असेल तर एनव्हीएमई डिस्क त्याच्या आडून दिसते, आणि विंडोजचा इन्स्टॉलर म्हणतो, डिस्कच सापडत नाही. त्याला इंटेलचा आरएसटी ड्रायव्हर दुसऱ्या फोल्डरमधून द्यावा लागतो, किंवा सेटअपमध्ये व्हीएमडी बंद करावं लागतं. डिस्क मेलेली नसते. लिनक्स कर्नलमध्ये व्हीएमडीचा ड्रायव्हर आधीपासून आहे, त्यामुळे मला त्या वाटेला जावं लागलं नाही.

इन्स्टॉलरबद्दल थोडक्यात. भाषा, कळफलक, वाय-फाय, ‘डिस्क पुसा आणि इन्स्टॉल करा’. एका ठिकाणी मात्र थांबलो, एन्क्रिप्शन (डेटा कुलूपबंद करणं) हवं का? लॅपटॉप घराबाहेर जाणारी वस्तू आहे, म्हणून घेतलं. आता चालू करताना प्रत्येक वेळी एक पासफ्रेज टाकावा लागतो आणि तो विसरला तर डेटा गेलाच, कोणी काही करू शकत नाही. बॅकअप न घेणाऱ्यांनी हा पर्याय घेऊ नये असं माझं मत आहे. मी तो पासफ्रेज कागदावर लिहून ठेवला आहे, लॅपटॉपच्या बॅगेत अर्थातच नाही. चहा करून येईपर्यंत फाइल उतरल्या होत्या.

‘पेनड्राइव्ह काढा आणि एंटर दाबा’ असा निरोप आला. काढली, दाबलं. लोगो, काळा पडदा, पिवळी अक्षरं: शेल.

आता इथे पुन्हा इन्स्टॉल करत बसण्यात अर्थ नव्हता. पडदा फर्मवेअरचा होता, म्हणजे गडबड उबुंटूमध्ये नाही, काय आधी चालवायचं या फर्मवेअरच्या यादीत. खात्री करायला ‘एफएस०’ उघडलं. या वेळी ते पेनड्राइव्हचं नव्हतं, एसएसडीवर इन्स्टॉलरने बनवलेलं ईएफआय पार्टिशन होतं. त्यात ‘ईएफआय’च्या आत ‘उबुंटू’ फोल्डर आणि त्यात शिमएक्स६४ नावाची फाइल. ती चालवली आणि पासफ्रेज विचारणारा पडदा समोर आला. म्हणजे इन्स्टॉल व्यवस्थित झालेलं होतं.

आत गेल्यावर ‘ईएफआयबूटएमजीआर’ कमांडने यादी पाहिली. उबुंटूची नोंद होती, पण दुसऱ्या क्रमांकावर. पहिला मान शेलचा. इन्स्टॉलर आपली नोंद सहसा सगळ्यात वर टाकतो, पण काही फर्मवेअर रीस्टार्टला स्वतःचाच क्रम परत लावतात. त्याच कमांडला ‘-ओ’ देऊन क्रम बदलला आणि तो टिकला. टिकला नसता तर एफ२ च्या सेटअपमध्ये बूट ऑर्डरच्या पानावर हेच करता आलं असतं.

शेवटचं काम सिक्युअर बूट, म्हणजे सही असलेलंच सुरू होऊ देणारी फर्मवेअरची सोय. मशीन आलं तेव्हा ते बंद होतं. लिनक्स टाकायचं तर ते बंदच ठेवा, असा सल्ला सर्रास दिला जातो, तो मला पटत नाही. उबुंटूची ती शिम फाइल मायक्रोसॉफ्टच्या किल्लीने सही केलेली असते, त्यामुळे सिक्युअर बूट चालू असलं तरी ती अडत नाही. अडचण येते ती सही नसलेले ड्रायव्हर स्वतः बांधून घेताना. तेव्हा इन्स्टॉलर एक पासवर्ड मागतो, आणि पुढच्या रीस्टार्टला निळ्या पडद्यावर ‘एनरोल मॉक’ (आपली किल्ली नोंदवा) निवडून तोच पासवर्ड द्यावा लागतो. तो पडदा थोडेच सेकंद थांबतो. हुकला तर ड्रायव्हर चालत नाही आणि कारणही कोणी सांगत नाही. मला तसा ड्रायव्हर लागला नाही. सिक्युअर बूट चालू केलं, उबुंटू नेहमीसारखं उघडलं आणि बूट मेन्यूतून शेलची ओळच नाहीशी झाली.

नंतर फर्मवेअर अपडेट करणाऱ्या ‘एफडब्ल्यूयूपीडी’ या प्रोग्रामने लॅपटॉपच्या फर्मवेअरचीही नवी आवृत्ती आहे असं दाखवलं. चार्जर लावून तीही टाकली, आणि टाकल्यावर बूट ऑर्डर पुन्हा एकदा तपासली. ती जागेवर होती. बोटाच्या ठशाचा सेन्सर अजून चालत नाही. कर्नलचं प्रत्येक मोठं अपडेट आलं की मी एकदा बघून घेतो.