बूट घासून अंटार्क्टिकाला

मी डिझेल मेकॅनिक. गाव कुडाळ. भारतीय अंटार्क्टिका मोहिमेच्या उन्हाळी तुकडीत जनरेटर आणि बर्फावरच्या गाड्या सांभाळायला माझी निवड झाली, तेव्हा सगळे एकच विचारायचे, ‘थंडी सोसवेल का रे?’ थंडीचं काय, कपडे मिळतात. माझा घाम काढला तो नियमांनी.

आधी दिल्लीला एम्समध्ये तपासणी. तिथे डॉक्टरांना एक दाढ संशयास्पद वाटली, ती काढूनच परतलो. तिकडे दाढ दुखली तर कोण कुठे नेणार? मग उत्तराखंडात औलीला आयटीबीपीच्या, म्हणजे भारत-तिबेट सीमा पोलिसांच्या, जवानांबरोबर बर्फात चालणं, दोरीला लटकणं, बर्फाच्या भेगेत पडलेल्याला वर ओढणं. कोकणातल्या माणसाने पहिल्यांदा बर्फ पाहिला की दोन दिवस तो नुसता फोटो काढतो. मीही काढले.

खरी शाळा भरली गोव्यात. वास्कोच्या हेडलँड सडा भागात राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे, आपल्या मोहिमा तिथून चालतात. पहिल्याच दिवशी आम्हाला सांगितलं की तुम्ही जिथे जाताय ती जागा कोणाचीच नाही. म्हणजे सात देशांनी आपापले तुकडे आखून ठेवलेत, आपल्या ‘मैत्री’ तळाच्या जमिनीवर नॉर्वेचा दावा आहे. पण १९५९ च्या अंटार्क्टिका कराराने हे सगळे दावे जिथल्या तिथे गोठवले. भारत त्यात १९८३ साली आला. आपली पहिली मोहीम त्याआधीच गोव्याहून निघून ९ जानेवारी १९८२ ला तिथे उतरली होती. आमच्या वाडीत दोन भावांचा बांधावरून गेली कित्येक वर्षं दावा चालू आहे. तिकडे बारा देशांनी कागदावर सह्या करून एक आख्खा खंड बाजूला ठेवला, हे मला बराच वेळ पटेना.

पुढचा कागद जास्त जवळचा होता. अंटार्क्टिकाचं पर्यावरण जपायला केलेला १९९१ चा माद्रिद करारनामा, आणि तो आपल्याकडे लागू करणारा २०२२ चा भारतीय कायदा. खाणकाम बंद, हे मोठ्या लोकांसाठी. माझ्या वाट्याला आलेली यादी वेगळी होती: निर्जंतुक न केलेली माती नको. पॅकिंगमधले थर्मोकोलचे गोळे नकोत. पक्ष्यांना खायला घालायचं नाही. बाहेरचं बी-बियाणं न्यायचं नाही. कुत्रेसुद्धा नाहीत, स्लेजला जुंपायचे सगळे कुत्रे १ एप्रिल १९९४ पर्यंत परत न्यावे लागले, कारण त्यांचे रोग तिथल्या सील प्राण्यांना होऊ शकतात.

थर्मोकोलने माझे दोन दिवस खाल्ले. इंजेक्टर, सील, फिल्टर, प्रत्येक सुटा भाग त्या पांढऱ्या गोळ्यांतच आलेला. एकेक खोका उघडून सगळं पुठ्ठ्यात आणि जुन्या कापडात पुन्हा बांधलं. सोबतचा इलेक्ट्रिशियन वैतागून म्हणाला, ‘अरे, सुट्ट्या भागांना नवीन लुगडी नेसवतोयस की काय!’

मग बॅगा. बुटांचे तळवे टूथब्रशने घासायचे, खिसे उलटे करायचे, वेल्क्रोत अडकलेलं गवताचं कुसळ चिमट्याने काढायचं. मला हा अतिरेक वाटला. तेव्हा तिथल्या एका साहेबांनी अंटार्क्टिकातल्या किंग जॉर्ज बेटावरच्या गवताची गोष्ट सांगितली. पोलंडच्या तळाजवळ १९८५ मध्ये पोआ अ‍ॅन्युआ हे बाहेरचं साधं गवत सापडलं, आणि ते काढता काढता लोकांच्या नाकीनऊ आले. माझ्या जॅकेटच्या वेल्क्रोत कुसळाचे तीन तुकडे निघाले. औलीचे असावेत, की आमच्या परड्यातले, कोण जाणे.

बॅगेच्या तळाशी एक पुरचुंडी होती. निघताना आईने दिलेली. ‘तुळशीतली माती हा. वाटेत काय झाला तर कपाळाक लाव.’ तिच्यासमोर नाही म्हणवलं नव्हतं. ती पुरचुंडी मी वास्कोहून कुडाळला जाणाऱ्या एका ओळखीच्या माणसाच्या हातात दिली आणि आईला फोन केला. ती जरा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, ‘देवाची माती चालत नाय, आणि तुमचा डिझेल चालता?’

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. अजूनही नाही.

केपटाऊनहून मालवाहू विमानाने रशियन तळाजवळच्या बर्फाच्या धावपट्टीवर उतरलो. पासपोर्टवर शिक्का मारायलाही तिथे कोणी नव्हतं. मैत्री १९८९ पासून बर्फ नसलेल्या खडकाळ शिर्माखर ओअ‍ॅसिसमध्ये उभी आहे, शेजारी प्रियदर्शिनी तळं. संडासदेखील विजेवर सगळं जाळून टाकणारा, त्याची राख ड्रममध्ये. उरलेलं चिकन बाहेर टाकायचं नाही, कारण स्कुआ पक्षी टपलेलेच असतात.

जानेवारीत एका संध्याकाळी (संध्याकाळ घड्याळात, आकाशात नव्हे) होज बदलताना माझ्याकडून इंधन सांडलं. किती? पेलाभर असेल. गावी असतो तर पायाने माती सारली असती. इथे मी लीडरना सांगितलं, वहीत वेळ आणि अंदाजे प्रमाण लिहिलं, शोषून घेणारे पॅड टाकले आणि मग गोठलेली खडी पहारीने उचकटायला बसलो. दुपारी थोडी सैल झालेली जमीन रात्री सिमेंटसारखी. दुसऱ्या दिवशी जेवणापर्यंत अर्धा ड्रम भरला. कोणी ओरडलं नाही, उलट शास्त्रज्ञांच्या गटातल्या एकाने येऊन तासभर पहार चालवली. ड्रमवर नंबर टाकला, झाकण आवळलं. परतीच्या जहाजावर चढवताना तो ड्रम मीच पट्ट्यांनी बांधला, दुसऱ्या कोणावर भरवसा ठेवायची इच्छा नव्हती.

घरी आल्यावर पुतण्याने पहिल्यांदा विचारलं, ‘काका, तिथला दगड आणलास?’ परवान्याशिवाय खडासुद्धा उचलता येत नाही, हे त्याला समजावून सांगितलं. माझ्यामुळे तिथून हलले ते दगड एका नंबर टाकलेल्या ड्रममध्ये होते, डिझेलचा वास मारणारे.

‘मग तो ड्रम तरी आणायचा होता,’ पोरगं म्हणालं.