पिवळं धड आणि पाण्याचा पाइप

मांस तपासणाऱ्या पशुवैद्याचा बराच वेळ सुऱ्या बदलण्यात जातो. एक हातात, दुसरी ८२ अंशांच्या पाण्यात. रोगट गाठ कापली की लगेच अदलाबदल, नाहीतर पुढच्या धडाला रोग मीच लावणार.

त्या दिवशी कत्तलखान्यात हुकावर मेंढीचं एक धड आलं, चरबी गडद पिवळी. दिव्याखाली पिवळ्या रंगाचा भरवसा नसतो, म्हणून ते सूर्यप्रकाशात नेलं. कावीळ असेल तर पिवळेपणा चरबीपुरता राहत नाही. डोळ्यांचा पांढरा भाग, स्नायूंचे कंडरे, सांध्यांची कूर्चा, महाधमनीचं आतलं अस्तर, सगळ्यावर तो चढतो. इथे हे सगळं स्वच्छ पांढरं होतं. तांब्याच्या विषबाधेने मेंढीला कावीळ झाली तर मूत्रपिंडं काळपट होतात. तीही नेहमीसारखीच होती. तरी धड चोवीस तास शीतगृहात रोखून ठेवलं आणि चरबीचा तुकडा सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये उकळून, गार करून त्यात ईथर घातलं. रंग वरच्या ईथरच्या थरात चढला तर चाऱ्यातलं रंगद्रव्य, खाली पाण्यात राहिला तर पित्त, म्हणजे कावीळ. चढला! ही चाचणी करताना मला आजही मजा येते.

व्यवस्थापक मात्र सुरुवातीपासून म्हणत होते, "डॉक्टर, द्या ना फेकून, एवढा घोळ कशाला?"

धड आत ठेवून परतते तर सोलण्याच्या जागेशेजारी एकजण दुसऱ्या धडाच्या मांडीवरचा लेंडीचा डाग पाइपने धूत होता. डाग जेमतेम अंगठ्याएवढा. धुतल्याने तो दिसेनासा होतो, जंतू मात्र खाली सगळीकडे पसरतात. तो सुरीने कापूनच काढायचा असतो. मी लाइन थांबवली. आख्खं धड फेकायला तयार असलेले हेच गृहस्थ आता चिडले. "डाग गेला की! आता काय राहिलं?"

राहिलं तेच तर दिसत नाही. ई. कोलाय ओ१५७ हा जीवघेणा जंतू ठणठणीत मेंढीच्या आतड्यातही असू शकतो. अमेरिकेत १९९३ साली अर्धकच्च्या हॅम्बर्गरमधून तो पसरला, चार मुलं दगावली. त्यानंतर १९९६ मध्ये तिथे मांस कारखान्यांना धोक्याचे टप्पे शोधून तिथेच रोखण्याची सक्ती झाली. आमची डोळ्यांनी पाहून, हातांनी दाबून, चिरून तपासायची पद्धत त्याआधीची, क्षयाच्या गाठी आणि कृमी शोधण्यासाठी घडलेली. युरोपीय संघाने २०१४ पासून डुकरांच्या तपासणीत नेहमीची चिरफाड बंद केली, कारण तपासणाऱ्याचा हातच जंतू पसरवतो. अशा बातम्या आमच्या वरिष्ठांपर्यंत फार सावकाश पोहोचतात.

मांड्या ओल्या दिसलेली सगळी धडं बाजूला काढून छाटायला लावली. त्यात बराच वेळ गेला आणि बरीच बोलणी खाल्ली. पिवळं धड दुसऱ्या दिवशी मंजूर केलं. गिऱ्हाइकाने रंग पाहून ते नाकारलं.

अहवालाच्या छापील नमुन्यात रंगदोषाला रकाना आहे, पाइपला नाही. पाइपचं मी शेऱ्यात लिहिलं, चांगलं सविस्तर. वरून फोन आला तो विचारायला, की पिवळं धड मंजूर कसं केलं.