नावापुढचं ते अधिकचं चिन्ह

अहिल्याबाईंच्या त्रिशताब्दीनिमित्त इंदूरच्या आमच्या मंडळाची स्मरणिका इनडिझाइनमध्ये, म्हणजे पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये, लावायचं काम काकांनी माझ्या गळ्यात घातलं. "अगं, तुला कॉम्प्युटर येतो ना!" लॅपटॉपवर त्याची सीएस६ आवृत्ती, म्हणजे २०१२ सालची. लेख गोळा करणं, फोटो, मुखपृष्ठ हे सगळं सुरळीत पार पडलं. अडकले ते पॅराग्राफ स्टाइलच्या (परिच्छेदाचा फॉन्ट, आकार, अंतर एकदाच ठरवून ठेवायची सोय) नावापुढच्या एवढ्याशा अधिकच्या चिन्हापाशी.

वर्डमधला पहिला लेख आणला आणि अहिल्याबाईंची पहिली वेलांटी ह च्या आधी यायची ती ह च्या पुढे जाऊन बसली. ल्य तुटला, पाय मोडलेला ल आणि य वेगवेगळे. यावरचा उपाय मला माहीत होता: कंपोझर, म्हणजे अक्षरं जुळवून ओळी लावणारी सेटिंग, बदलून 'अ‍ॅडोबी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर' करायचा. प्रत्येक लेख सिलेक्ट करून मी तो बदलला. अक्षरं जुळली, मी खूश.

मग 'मजकूर' नावाची स्टाइल केली, सगळीकडे लावली आणि तिच्यात ओळींमधलं अंतर वाढवलं. अर्धे लेख हलले, अर्धे ढिम्म. न हललेल्यांपुढे ते चिन्ह. म्हणजे स्टाइलवर कुणीतरी हाताने काहीतरी चढवलंय. ऑल्ट दाबून स्टाइलच्या नावावर क्लिक केलं की ते उतरतं, हे वाचलं आणि केलं. चिन्ह गेलं, सोबत लेखकांनी ठळक केलेली सगळी नावंही गेली, आणि वेलांट्या पुन्हा ह च्या पुढे! कंट्रोल झेड. पुन्हा क्लिक, पुन्हा तेच. दोन रात्री हेच चाललं. प्रेसवाला फोनवर म्हणाला, "मैडम, फॉन्ट करप्ट होगा।" त्याचं ऐकून तीन फॉन्ट बदलले, तो वेळ वाया.

तिसऱ्या रात्री वैतागून माउस स्टाइलच्या नावावर तसाच ठेवला, तर चौकटीत जादा काय चढलंय त्याची यादीच आली. त्यात कंपोझर! माझाच पराक्रम. मी तो मजकुराला लावला होता, स्टाइलला नाही. त्यामुळे साफसफाईत तोही जायचा.

मग 'मूळ' नावाची स्टाइल केली, तिच्या सेटिंगमधल्या जस्टिफिकेशन या भागात कंपोझर ठरवला आणि मथळा, उपमथळा, मजकूर, कविता या सगळ्या तिच्यावर आधारल्या. पण साफ करण्याआधी ठळक शब्द वाचवा: फाइंड-चेंजमध्ये मंगल बोल्ड (आमच्या फॉन्टचं ठळक रूप) शोधून त्याजागी 'ठळक' ही कॅरेक्टर स्टाइल, म्हणजे परिच्छेदाऐवजी निवडक शब्दांपुरती स्टाइल, लावा. ऑल्ट-क्लिकमध्ये कॅरेक्टर स्टाइल टिकते. सोबत शिफ्ट दाबलात तर तीही जाते.

हो, आणि कंट्रोल ए करून ऑल्ट-क्लिक करू नका, मथळेसुद्धा मजकूर होतात. (झाले होते.) सगळं एकदम साफ करायचं तर पॅनलच्या तळाचं बटण आहे.

काल काका म्हणाले, अक्षर बारीक आहे, ज्येष्ठांना दिसणार नाही. 'मजकूर'मध्ये ११चे १२ केले, मिनिटभर लागलं. फक्त ६४ पानांची ७१ झाली, आणि प्रेसला पानं चारच्या पटीत लागतात. उरलेल्या एका पानासाठी काका सियागंज बाजारात जाहिरात शोधतायत.