दुसरा नंबर

मांजराला जंताचं औषध द्यायला भर दुपारी दवाखान्यात गेलो, चूक माझीच. मे महिन्यात सोलापुरात दुपारी दोनला कुत्रंसुद्धा बाहेर पडत नाही. एक मात्र पडलं होतं. टेबलावर, चारी पाय पसरून.

पग होता. जीभ जांभळट, पोटाचा नुसता भाता झालेला. थर्मामीटर १०७ दाखवत होता. त्याला घेऊन आलेला ड्रायव्हर दाराशी घाम पुसत उभा. "साहेब अक्कलकोटला लग्नात आहेत ओ. फोन उचलंनात."

असिस्टंट मुलगी मोबाइल खांद्याशी दाबून कुत्र्याच्या पोटावर, जांघेत, पंजांवर साधं पाणी ओतत होती. मी उगीच बर्फाचं सुचवलं. "नको काका, बर्फानं कातडीतल्या नसा आवळतात, उष्णता आतच राहते." डॉक्टरांनी सलाइन जपूनच सोडलं होतं. हार्टची गोळी चालू आहे का, एवढंच मालकाला विचारायचं होतं. केसपेपरवर नंबर दोन. दुसरा म्हणजे पहिलाच, परत लिहिलेला.

"सगळे असंच करतात," ती म्हणाली. "दुसरा कशाला, मी आहे की, म्हणतात."

आमच्या लहानपणी साखर पेठेत पहिलाच नंबर दुसऱ्याचा असायचा. समोरच्या अक्कांकडे फोन, आमचा पी.पी., म्हणजे फोन त्यांचा, बोलावणं आम्हाला. त्यांच्या खाली चार माग. त्या खटखटाटात हाक कुठली ऐकू येणार? म्हणून फोन आला की अक्का गॅलरीत लाल टॉवेल टाकायच्या. तो दिसला की आई हातातलं पीठ तसंच घेऊन पळायची. एकदा अक्कांनी टॉवेल धुऊन खरोखरच वाळत घातला, तर आई तीनदा जाऊन आली. चौथ्यांदा खरंच मामाचा ट्रंक कॉल होता, तेव्हा गेली नाही. त्यावरून मामा वर्षभर रुसला होता.

"ऑनलाइन दिसतायत!" मुलगी ओरडली. साहेबांनी व्हॉट्सअ‍ॅपवर नुकताच डीपी बदलला होता, फेटा बांधलेला. तिनं टेबलावरच्या पगचा फोटो काढून तिथंच पाठवला. मिनिटभरात फोन वाजला. गोळी कुठलीच चालू नव्हती. आणि मग, "अहो, अनोळखी नंबर होता ना!"

मी मांजराच्या पिंजऱ्याची कडी उगाच तपासली. अनोळखी नंबर मीही उचलत नाही. तत्त्व म्हणून.

१०३ वर येताच तिनं पाणी थांबवलं. त्यापुढं ताप आपोआप उतरतो, फार उतरला तर ती वेगळीच पंचाईत. मग हात पुसून आमचा केसपेपर काढला. त्यावर ०२१७ चा लँडलाइन, बंद होऊन कितीतरी वर्षं झालेला.

"नवा लिहा काका. आणि दुसरा पण."

पहिला लिहिला. दुसऱ्यासाठी अपार्टमेंटचे चारही मजले मनातल्या मनात चढून उतरलो. पेन हातातच होतं. मांजर ओरडत होतं.