ॲन्जिओप्लास्टीनंतर सिगारेट सोडताना

हार्ट ॲटॅकनंतर माझी ॲन्जिओप्लास्टी झाली, म्हणजे हृदयाची तुंबलेली धमनी उघडली. डिस्चार्जच्या वेळी गोळ्या समजावून झाल्यावर डॉक्टरांनी सिगारेटचं विचारलं. मी म्हणालो, "दिवसाला एकीवर आणतो." ते म्हणाले, "एकही नको. तुमच्या छातीत नवा स्टेंट आहे, धमनी उघडी ठेवणारी जाळी."

त्यांनी कारण सांगितलं, ते मनात घट्ट बसलं. रोज एकच सिगारेट ओढणाऱ्यालाही हृदयविकाराचा जादा धोका असतो तो वीस ओढणाऱ्याच्या जवळजवळ निम्मा; विसावा हिस्सा नव्हे. थोड्या धुरानेही प्लेटलेट, म्हणजे रक्ताची गुठळी करणाऱ्या पेशी, चिकट होतात, धमनीचं आतलं अस्तर दुखावतं. म्हणजे गुठळी होऊ नये म्हणून सकाळी ॲस्पिरिन घ्यायची आणि दुपारी एका झुरक्याने तिच्यावर पाणी फिरवायचं. शिवाय निकोटीनने ठोके वाढतात आणि कार्बन मोनॉक्साइड रक्तातली ऑक्सिजनची जागा अडवतो. ॲटॅकनंतर जे पूर्ण सोडतात, त्यांचा मृत्यूचा धोका ओढत राहणाऱ्यांपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी असतो. हे प्रत्येक हृदयरुग्णाला पहिल्याच दिवशी सांगायला हवं, असं मला कळकळीने वाटतं.

घरी आल्यावरचे पहिले दोन आठवडे कठीण गेले. झोप उडाली, चिडचिड बायकोवर निघायची. छातीत जरा धडधडलं की दुसरा ॲटॅक आला की काय, अशी भीती. जेवणानंतरची तलफ सगळ्यात वाईट. पण ती काही मिनिटांतच ओसरते, म्हणून ताटावरून उठलो की लगेच घराबाहेर चालायला लागायचो.

डॉक्टरांना विचारून तलफ कमी करणारा निकोटीन गम घेतला. तो साध्या च्युइंगमसारखा चघळत राहायचा नसतो. जिभेवर तिखट झणझणलं की थांबायचं, गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचा, झणझण गेली की पुन्हा दोनदा-तीनदा चावायचा. भराभर चावला तर उचक्या लागतात, पोटात जळजळतं. चहा-कॉफीनंतर लगेच घेतला तर निकोटीन तोंडात नीट शोषलंच जात नाही. मी पंधरा मिनिटं थांबायचो.

मधे खोकला वाढला तेव्हा घाबरलो होतो. फुप्फुसं साफ व्हायला लागली की काही जणांना असं होतं, असं डॉक्टरांनी तपासून सांगितलं. आता गम बराच कमी झालाय. मित्र अजून ओढतात. त्यांच्या धुरानेही माझ्या धमन्यांना अपाय होतो, म्हणून त्यांनी पेटवली की मी उठून बाहेर जातो. त्यांनाही ते कळतं.